नारळ हातात असेपर्यंत

परवा दुपारी आमच्या हॉस्पिटलच्या मागच्या आवारात माळ्याने पाचोळा गोळा करून पेटवला. माझ्या खोलीची खिडकी उघडी होती. समोर एक पेशंट बसले होते आणि मी त्यांच्या ओठांकडे बघत पुढच्या शब्दाची वाट पाहत होते. तेवढ्यात धुराचा वास आत आला आणि क्षणभर मी मुंबईत नव्हतेच.

तो भाजावळीचा वास होता. आमच्या रत्नागिरीकडे फाल्गुन लागला की भाताच्या रोपासाठी राखलेल्या तुकड्यांवर शेण, वाळकी पानं, झाडांच्या तोडलेल्या फांद्या पसरतात आणि जाळतात. वरून माती टाकलेली असते, त्यामुळे ज्वाळा फारशा दिसत नाहीत, नुसता धूर. डोंगराच्या कुशीत, वाडीच्या वर, एस.टी.च्या वळणावर, जिथे बघावं तिथे निळसर धुराची एक आडवी रेघ. कैऱ्या तेव्हा गोट्यांएवढ्या असतात. काटेसावरीला पान नसतं, नुसती फुलं. ओल्या काजूगरांची उसळ घरोघर होते आणि बायकांच्या बोटांची साल काजूच्या चिकाने निघालेली असते. त्या वासाबरोबर बाकीच्यांना शिमगा आठवतो. मला एक म्हातारा माणूस आठवतो, ज्याला 'पाणी' म्हणता येत नव्हतं.

त्या वर्षी मी मुंबईला स्पीच थेरपीच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. हे शिक्षण नेमकं कसलं, हे रत्नागिरीत कुणालाच नीट माहीत नव्हतं. बाबांचे बँकेतले एक मित्र म्हणाले होते, "स्पीच म्हणजे भाषण ना? मग निवडणुकीच्या वेळी बरी मागणी येईल." आई पाहुण्यांना सांगायची, "तोतरी मुलं असतात ना, त्यांना बोलायला शिकवतात." आणि पाहुणे गेल्यावर माझ्याकडे बघून सुस्कारा टाकायची, कारण पाहुणे असेपर्यंत मी स्वयंपाकघरातून बाहेर आलेली नसायची. "हिच्या तोंडातून शब्द काढायला पक्कड लागते," ती म्हणायची, "आणि ही दुसऱ्यांना बोलतं करणार!"

मला त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. जो फार बोलत नाही तो लोकांच्या तोंडांकडे फार बघतो. मी रत्नागिरीतच कॉन्व्हेंटमध्ये शिकले. शाळेत इंग्रजी, घरी मराठी. या दोन भाषांच्या मध्ये एक उंबरा होता आणि मी बहुतेक वेळ त्या उंबऱ्यावरच बसून असायचे. वाक्य आधी मनात म्हणून बघायचं, चूक नाही याची खात्री करायची आणि तोपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं. त्यामुळे एखाद्याच्या ओठांवर शब्द येऊन अडकला की त्याला काय होत असेल, ते मला पुस्तकं वाचायच्या आधीपासून ठाऊक होतं.

परीक्षेआधी अभ्यासाची सुट्टी मिळाली. आमच्या बाईंनी सांगितलं होतं की ज्या गावी जाल तिथे एक पेशंट नियमित बघा, त्याची सविस्तर नोंद आणा, तोंडी परीक्षेत त्यावरच विचारतील. आमच्या घरच्या डॉक्टरांनी मला माळनाक्याजवळचा एक पत्ता दिला. देवरूखच्या बाजूच्या एका खेड्यातले तात्या, पावसाळ्यानंतर अर्धांगाचा झटका आलेला. उपचारांसाठी मुलीकडे येऊन राहिले होते. उजवा पाय बराच सुधारला होता, हात थोडा. वाचा गेली ती गेलीच होती.

मुलगी सुमनताई, नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, पुढे पडवी, पडवीत खाट. खाटेवर तात्या. उंच, सुकलेले, पांढऱ्या मिशा नीट कापलेल्या. मी गेले तेव्हा त्यांची बायको, काकी, उंबऱ्यात बसून काजू फोडत होत्या. सुमनताईंनी माझी ओळख करून दिली. काकींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"ही शिकवनार?"

"हो काकी," मी म्हणाले. बहुधा फार हळू.

"काय म्हनली गो?" त्यांनी सुमनताईंना विचारलं. "हिलाच आधी कायतरी दे औषध."

खाटेवरून हसण्याचा आवाज आला. तात्यांना समजत होतं, सगळं समजत होतं. हीच त्या आजाराची गोम असते. आतलं घर शाबूत असतं, दार तेवढं मिळत नाही.

मी कॉलेजची चित्रांची कार्डं आणली होती. पाण्याचा ग्लास दाखवला. तात्यांनी बघितलं, ओळखलं, तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या.

"तेच," ते म्हणाले.

छत्री दाखवली. "तेच." कोंबडा. "तेच." प्रत्येक वेळी ते स्वतःच ऐकत होते की आपल्या तोंडातून भलताच शब्द येतोय, आणि प्रत्येक वेळी डोळ्यांत तोच संताप. नंतरच्या कार्डावर बर्फाचा माणूस होता, गळ्यात मफलर आणि नाकाच्या जागी गाजर. तात्यांनी ते कार्ड डाव्या हाताने उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि एक सणसणीत, अख्खी, स्वच्छ उच्चारांची शिवी हासडली. नंतर लगेच दुसरी.

काकी काजू फोडता फोडता शांतपणे म्हणाल्या, "त्या तेवढ्या सगल्या शाबूत हायत. वाचा गेली म्हनतात, माज्या वाटनीची काय गेली नाय."

पुस्तकात हे होतं. शिव्या, आकडे, वार, प्रार्थना, लहानपणापासून तोंडात बसलेलं सगळं बऱ्याचदा टिकून राहतं. ते वेगळ्या रस्त्याने येतं. मी ते परीक्षेसाठी इंग्रजीतून पाठ केलं होतं. पण पुस्तकातल्या त्या ओळीत ज्या शिव्या अभिप्रेत असतात त्या अशा असतात, याची कल्पना नव्हती.

मग मी रोज दुपारी जाऊ लागले. घरचं जेवण झालं की बाहेर पडायचं. उन्हात जांभ्याची भिंत हाताला गरम लागायची. रस्त्यावर कुणी नसायचं. पडवीत मात्र सावली असायची आणि काकींचं काही ना काही चाललेलं असायचं: चिंच निवड, कुळीथ पाखड. मी बर्फाचा माणूस घरी ठेवून दिला आणि स्वतः चित्रं काढली. कोयता, तांब्या, इरलं, बैल. माझा बैल बघून काकी म्हणाल्या, "ह्यो बकरा हाय काय?" आणि तात्या पुन्हा हसले. पण शब्द यायचा तो "तेच".

एक दिवस आकडे म्हणून घेतले. मी सुरू करायचं, त्यांनी मागून यायचं. वीस-तीसपर्यंत आम्ही बरोबर होतो. एकोणचाळीसला मी अडखळले. इंग्रजी शाळेतल्या मुलांचं हे एक कायमचं दुखणं, मराठी आकडे त्यांना चुकवायला बघतात. मी थांबले, मनात 'थर्टी-नाईन' म्हणून बघितलं, आणि तोवर तात्या पुढे निघूनही गेले होते. चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस, बाजाराच्या दिवशी एस.टी. सुटावी तसे. पन्नासाच्या पुढे कुठेतरी त्यांना कळलं की आपण एकटेच बोलतोय. ते थांबले. आपला आवाज इतका वेळ ऐकून ते घाबरले असावेत. मी त्यांना विचारलं, "तात्या, किती बोटं?" आणि तीन बोटं दाखवली.

"तेच," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

होळी जवळ येत चालली तशी पडवीत एक गोष्ट बोलली न जाता वावरायला लागली. ती बोलून दाखवली रामजीभावांनी. रामजीभाव तात्यांचे चुलतभाऊ, गावाहून भेटायला आलेले, हातात काजूगरांची पिशवी. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते, त्यामुळे त्यांनी मला घरातलीच कुणी पोर समजून मोकळेपणाने विषय काढला.

"तात्या, यंदा तू खुर्चीत बस. नारलाला नुसता हात लाव. बोलायचं काय ता मी बोलतो."

तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पडवीत पुन्हा एकदा शाबूत राहिलेल्यांपैकी एक शिवी घुमली.

"मी काय वाईट बोललो काय?" रामजीभाव कळवळून म्हणाले. "पालखी सहानेवर येनार, देव थांबनार, सगला गाव थांबनार. आनि तू उभा राहून म्हननार काय? तेच? तेच?"

ते गेल्यावर सुमनताईंनी मला सांगितलं. शिमग्याला देवाची पालखी गावाच्या मधोमध सहाणेवर, म्हणजे एका दगडी चौथऱ्यावर येऊन बसते. तिथे नारळ हातात घेऊन सगळ्या गावाच्या वतीने एक माणूस देवाला गाऱ्हाणं घालतो. तो एकेक मागणं मोठ्याने बोलतो आणि जमलेले लोक प्रत्येक मागण्यावर "व्हय म्हाराजा" म्हणतात. तो मान तात्यांच्या घराचा. तात्यांच्या वडिलांकडून त्यांच्याकडे आलेला. नारळ ज्याच्या हातात, त्याने बोलायचं. तो खाली ठेवेपर्यंत दुसऱ्या कुणी शब्द घालायचा नाही, चूक दुरुस्त करायची नाही, आठवण द्यायची नाही.

"आम्हाला भाऊ नाही," सुमनताई म्हणाल्या. "तात्यांच्या मागे तो मान रामजीकाकांकडेच जायचा आहे, त्याचं कुणाला काही नाही. पण तात्या समोर बसलेले असताना? एकदा नारळ हातातून गेला की परत येत नसतो. तात्या त्यानंतर जगणार नाहीत हो."

मला उत्तर सापडल्यासारखं झालं. गाऱ्हाणं म्हणजे तर पाठच असणार! आकड्यांसारखं, शिव्यांसारखं. दुसऱ्या दिवशी मी धीर करून काकींना म्हणाले, "काकी, गाऱ्हाण्याची सुरुवात तुम्ही म्हणा. तात्या मागून म्हणतील. रोज दहा वेळा म्हटलं तर नक्की येईल."

काकींच्या हातातलं सूप थांबलं.

"धा वेला? आनि देवाला काय सांगायचं?"

"म्हणजे?"

"अगो, गाऱ्हानं म्हंजे देवाला मारलेली हाक. त्यानं मागं वलून बगितलं, काय रं बाबा म्हनून इचारलं, तर काय म्हनू? काय नाय, जा, आमची तालीम चाललीय?"

मी तात्यांकडे पाहिलं तर तेही मान हलवत होते, काकींच्या बाजूने. गाऱ्हाणं सहाणेवर, नारळ घेऊन, खरं मागायचं असेल तेव्हा. एरवी नाही. माझ्या शास्त्रात पुन्हा पुन्हा म्हणण्यावाचून दुसरा रस्ता नव्हता आणि त्यांच्या शास्त्रात तीच एक गोष्ट वर्ज्य होती.

घरी गेल्यावर अभ्यासाची पुस्तकं समोर उघडी ठेवून मी बराच वेळ बसले. खिडकीतून धुराचा वास येत होता. काकी हट्टी आहेत असं मला वाटलं, मग वाटेनासं झालं. माझं स्वतःचं असं होतं की प्रत्येक वाक्य मी इतक्या वेळा मनात घोकत असे की बोलायची वेळ यायची तेव्हा ते कुणाला उद्देशून होतं तेच विसरायला व्हायचं. इथे एक बाई सांगत होती की ज्याला हाक मारायची तो समोर नसताना हाक मारायची नाही. हे मला पुस्तकात सापडलं नव्हतं, आणि चूक आहे असंही म्हणता येत नव्हतं.

मग आम्ही गाऱ्हाण्याच्या अवतीभोवती फिरू लागलो, त्याला न शिवता. आठवड्याचे वार म्हटले. महिने म्हटले. देवरूखच्या एस.टी.चे थांबे म्हटले. वाडीतल्या घरांची नावं, वरच्या आळीपासून खालच्या आळीपर्यंत. काकी एक नाव सांगायच्या आणि दुसऱ्याला तात्या येऊन मिळायचे, कधी यायचे, कधी नाही. सूर आणि ठेका यांच्या आधाराने शब्द सुटतात असं बाईंनी शिकवलं होतं. मी तात्यांचा डावा हात खाटेच्या कडेवर धरून हलका ठेका धरायला लावला. माझा ठेका त्यांना पसंत पडेना. त्यांनी माझा हात झटकला आणि स्वतः बोटांनी वाजवायला लागले. आत चहा करणाऱ्या सुमनताई बाहेर आल्या. "पालखीचा ढोल," त्या म्हणाल्या. नंतर रोज तोच ठेका होता.

आणि एक संध्याकाळ. मी निघायच्या बेतात, चप्पल घालत होते. उजेड मावळला होता, समोरच्या घरावर धुराचा पातळ थर उतरला होता. काकींनी देवापाशी दिवा लावला, हात जोडले आणि रोजच्यासारख्या स्वतःशीच पुटपुटल्या, "देवा, सगल्यांना बरं ठेव."

"व्हय म्हाराजा," खाटेवरून आवाज आला.

खणखणीत. पूर्ण. कुठे अडखळ नाही, ताण नाही. काकी देवाकडे तोंड करून तशाच उभ्या राहिल्या. मी चप्पल अर्धी पायात घेऊन उभी. तात्यांना आपण बोललो हे कळायला जरा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा त्यांनी आपलं तोंड हाताने चाचपलं.

काकी वळल्या. डोळे भरलेले होते, पण जीभ तीच. "चालीस वर्सं झाली, बायकोला कदी व्हय म्हनलं नाय ह्या मानसानं. देवाला बरा म्हनतो!"

त्या रात्री मला आनंदाबरोबर एक काळजीही लागली. असे शब्द रुळावरच्या गाडीसारखे असतात. रूळ आहे तिथवर गाडी जाते, मनात येईल तिकडे वळवता येत नाही. सुमनताईंना विचारलं तेव्हा कळलं की गाऱ्हाण्याची सुरुवात आणि शेवट दरवर्षी सारखेच असतात, ते वाडवडिलांपासूनचे. मधला भाग मात्र त्या त्या वर्षाचा. कुणाची पोर लग्नाची आहे, कुणाचा मुलगा बोटीवर लागायचा आहे, कुणाच्या विहिरीला पाणी नाही, कोण अंथरुणाला खिळलंय. लोक आठ-आठ दिवस आधी तात्यांना येऊन सांगून जायचे, आणि तात्या एकही न विसरता सगळी नावं घ्यायचे. तरी दरवर्षी कुणीतरी रुसायचंच, माझं नीट बोलला नाहीस, म्हणून.

म्हणजे दोन्ही टोकांना रूळ होता आणि मधे नव्हता. तिथे स्वतःचं बोलावं लागणार होतं, आणि स्वतःचं त्यांना 'पाणी'ही येत नव्हतं. मी हे सुमनताईंना सांगितलं. त्यांनी तात्यांना सांगितलं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डाव्या हाताने आपल्या छातीवर दोनदा थोपटलं. म्हणजे, मी उभा राहणार.

पालखीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गावी गेले. आईने जाऊ दिलं याचं मलाच नवल वाटलं. मुंबईहून चाकरमानी आलेले, वाडीत पाय ठेवायला जागा नाही. पुरणाचा वास, ढोल, पोरांच्या बोंबा, लाल मातीने भरलेले पाय. सगळे सगळ्यांना ओळखत होते आणि मी कुणालाच. एका म्हाताऱ्याने सरळ विचारलं, "ही कोन? तात्याला बोलायला शिकवनारी? ही तर सोताच बोलत नाय!" आजूबाजूला हशा पिकला. मी बायकांच्या घोळक्यात काकींच्या मागे जाऊन उभी राहिले.

पालखी नाचत आली, सहाणेवर बसली. ढोल थांबले. तात्या काठी टेकत पुढे आले. रामजीभावांनी नारळ त्यांच्या डाव्या हातात दिला आणि शेजारीच उभे राहिले, अगदी हात पुरेल इतक्या अंतरावर. गावात इतकी शांतता झाली की दूर कुठेतरी भाजावळीत फांदी तडकल्याचा आवाज आला.

तात्यांनी तोंड उघडलं. शिरा ताणल्या. मला वाटलं, आता 'तेच' येणार. त्यांची डाव्या हाताची बोटं नारळावर हलत होती. ठेका.

"हे देवा म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

"आज शिमग्याच्या सनाला… तुजी सगली लेकरं… तुज्या सहानेवर उभी हायत…"

"व्हय म्हाराजा!"

"कोन गावात हाय, कोन मुंबयला हाय… जो जिथं हाय, तिथं त्येचा राखनदार हो…"

"व्हय म्हाराजा!"

शब्द हळू येत होते, पण येत होते, आणि प्रत्येक "व्हय म्हाराजा" त्यांना पुढच्या शब्दापर्यंत ढकलत होता. काकींनी माझं मनगट धरलं होतं. काजूच्या चिकाने खरखरीत झालेल्या त्यांच्या बोटांचा स्पर्श मला अजून आठवतो.

"यंदाच्या सालात…" तात्या म्हणाले आणि थांबले.

रूळ संपला. त्यांचे ओठ हलले, बंद झाले. नावं त्यांच्या डोळ्यांसमोर असणार, एकूण एक. कुणाची पोर, कुणाची विहीर. त्यांनी लोकांकडे पाहिलं, एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर, वाडीतल्या घरांची नावं ओळीने म्हणावीत तसे सावकाश. कुणी खोकलं नाही. रामजीभावांचा हात अर्धा पुढे आला होता, पण नारळ अजून तात्यांच्या हातात होता. शब्द घालायचा नव्हता. नियम तो नियम.

मला एवढंच आठवतं की त्या शांततेत मी बघत होते, तर लोकांचे चेहरे बदलत गेले. ज्याच्याकडे तात्यांची नजर जाई, तो माणूस खाली बघे आणि त्याचे ओठ हलत. एकाचे, मग दुसऱ्याचे. जे एरवी तात्या बोलायचे ते प्रत्येकजण आपापलं, मनातल्या मनात बोलत होता. आणि मग, काहीही उच्चारलं गेलेलं नसताना, कुठूनतरी सुरुवात झाली आणि सगळा गाव एका आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

तात्या दचकले. आणि त्या धक्क्याने ते पलीकडच्या रुळावर जाऊन पडले.

"…चुकलंमाकलं पोटात घाल… आनि सगल्यांची रखवाली कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ खाली टेकला. ढोल असे सुरू झाले की काही ऐकू येईना. रामजीभाव तात्यांना मिठी मारून काहीतरी ओरडून सांगत होते. मग तात्या आमच्या बाजूला आले, चेहरा घामाने डवरलेला. काकींकडे बघून त्यांनी अंगठा ओठांशी नेला. "तेच," ते म्हणाले. "तेच."

काकींनी त्यांना पाण्याचा तांब्या दिला.

पुढे तोंडी परीक्षेत मला विचारलं की या पेशंटमध्ये नेमकी काय सुधारणा झाली. मी नोंदीत होतं तेच सांगितलं: आकडे, वार, पाठ असलेली वाक्यं चांगली; वस्तूंची नावं जवळजवळ नाहीत. ते खरंच होतं. सहाणेवरचं मी सांगितलं नाही. इंग्रजीत ते कसं सांगायचं मला सुचलं नाही, आणि मी सांगायला गेले असते तर तेवढ्यात पुढचा प्रश्न आला असता. आता मात्र रोज कुणी ना कुणी माझ्यासमोर अर्ध्या वाक्यात अडकतं. नातेवाईक शेजारून चटकन शब्द पुरवतात, ते प्रेमानेच पुरवतात. मी त्यांना हाताने खूण करते, थांबा. नारळ अजून यांच्याकडे आहे, असं मनात म्हणते.

पालखीच्या त्या दिवशी परतीच्या एस.टी.त तात्या खिडकीशी बसल्या बसल्या झोपले. बाहेर उतारावर धूर पसरला होता आणि मावळतीचं ऊन त्यात अडकलं होतं. सुमनताई म्हणाल्या, "यंदा कुणी रुसलं नाही हं. दरवर्षी कुणाचं ना कुणाचं राहतं."

काकी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे थांबले तवा तुजा आवाज आला मला."

"माझा?"

"मंग कोनाचा? बायकांच्या बाजूनं येकच आवाज आला. बायका म्हनत नायत गो गाऱ्हान्याला. उभ्या राहतात नुसत्या."

माझे कान तापले. मला ते ठाऊकच नव्हतं. आणि आपण मोठ्याने म्हणालो, हेही ठाऊक नव्हतं. माझं वाक्य पहिल्यांदाच मनात न घोकता बाहेर पडलं होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण नेहमीप्रमाणे शब्द यायला उशीर झाला.

काकी तोवर झोपलेल्या तात्यांच्या उजव्या हातावर पदर सारखा करत होत्या.

"पुडल्या शिमग्याला," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी बी म्हननार हाय."